बोटवाल्या काकांची मेव्हणी

बोटवाले काका माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी हातांकडे बघत. भाजीबाजारात कोणी समोर येऊन "ओळखलंत का काका?" असं विचारलं, की ते मान खाली घालून म्हणत, "हात दाखवा बघू." हात दिसला की चेहरा उजळे. "अरे, तुम्ही अंबडचे! उजवी करंगळी! मुलगी कितवीला गेली?" माणसाचं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवत नसे, पण करंगळीचं नख चपटं होतं की फुगीर, हे दहा वर्षांनीही सांगत.

काका सिलिकॉनची बोटं बनवायचे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्र्याच्या प्रेस मशीनवर काम करणाऱ्यांचं एखादं बोट जाणं ही त्या काळी नवलाईची गोष्ट नव्हती. काकांच्या बोटांनी स्क्रू पिळता येत नसे की घास उचलता येत नसे, पण लग्नकार्यात हात खिशातून बाहेर काढता येई. "तेवढंच आपलं काम," असं काका म्हणत. कधी कानही बनवत. त्यांच्या कपाटाच्या वरच्या खणात सुटे कान असत. वीजमंडळाचा मीटर बघायला आलेला माणूस एकदा चुकून तो खण उघडून बसला आणि पुढचे कित्येक महिने आम्हाला अंदाजे बिल येत राहिलं.

'बोटवाले' या नावाने गंमतही व्हायची. एकदा एक कुटुंब पोराबाळांसकट दारात उभं राहिलं. गंगापूर धरणावर बोटीत बसायचं तिकीट इथेच मिळतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. काकांनी त्यांना आत बसवलं, चहा पाजला आणि मुलांच्या हातात एकेक बिघडलेलं बोट दिलं. मुलांना बोटीची आठवणही राहिली नाही.

चित्रकलेचा डिप्लोमा करून मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांच्याकडे कामाला लागले. इंदिरानगरमध्ये त्यांचं छोटं रो-हाऊस होतं. पुढची खोली म्हणजे कारखाना, मागे संसार, मधे एक पडदा. माझं काम रंगाचं. कुठलंही बोट एका रंगाचं नसतं. पेरांवर सावळं, नखाच्या मुळाशी गुलाबी, टोकाला चहाचा नाहीतर ग्रीसचा डाग. तो डागही काका मला काढायला लावत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण ते मला कायम 'रंगवाल्या बाई' म्हणत, आणि तेही अहोजाहो करून.

त्यांचा एक नियम मला पहिल्याच दिवशी कळला होता. "आपल्याकडे गिऱ्हाईक येत नाही, पेशंट येतो. त्याला 'कुठे' विचारायचं. 'कसं झालं' विचारायचं नाही. सांगायचं असेल तर तो सांगेल." मला चौकशा करायची भारी हौस, म्हणून हा नियम मला जड जाई. पण काकांसमोर मी गप्प बसायला शिकले.

नियमाची खरी परीक्षा झाली ती साहेबांच्या वेळी. साहेब म्हणजे बोटीवरून निवृत्त झालेले इंजिनियर. उंच, इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. पहिल्यांदा आले तेव्हा "सिलिकॉनला तडा गेला तर काय करतात?" एवढंच विचारून निघून गेले. दुसऱ्यांदा येऊन पाणी पिऊन गेले. तिसऱ्या वेळी काकाच म्हणाले, "अहो, पेशंटला घेऊन या की. न बघता औषध कसं देऊ?"

ते पेशंटला घेऊन आले गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून. अंगभर साडी, डोळ्यांवर गॉगल, आणि आपल्याकडच्या मुली स्कूटरवर गुंडाळतात तसा तोंडाला स्कार्फ. केसांत ताजा गजरा होता. काकांनी गजऱ्याकडे बघितलं तसे साहेब ओशाळून म्हणाले, "द्वारका चौकातल्या सिग्नलला एक बाई काच ठोकायला लागली. 'घ्या ना साहेब, बाई रुसल्यात तुमच्या.' मागून हॉर्न वाजत होते. घेतला."

दोघांनी तिला उचलून आत आणलं. जिवंत माणसाइतकं वजन होतं. टेबलावर ठेवून स्कार्फ काढला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही दुकानातली कपड्यांची बाहुली नव्हे. एकट्या पुरुषांसाठी परदेशात बनवतात तशी, सिलिकॉनची, पूर्ण वाढलेल्या बाईएवढी बाहुली होती ती. माझे कान तापले. मी ब्रश खाली ठेवला आणि म्हटलं, "काका, हे मी करणार नाही."

"नका करू," काका शांतपणे म्हणाले. "रंग मी लावीन. कावीळ झाल्यासारखी दिसेल, पण चालवून घेऊ." मग साहेबांकडे वळून त्यांनी एकच शब्द विचारला, "कुठे?"

काखेत एक फट होती. मानेच्या मागे एक. डाव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात एक बारीक चीर. काखेत साहेबांनी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून बघितलं होतं, त्याची खपली धरली होती. काका चष्मा कपाळावर ढकलून ती खपली नखाने सोलत बसले. "सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. बाकी कशाशी त्याचं जमत नाही."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. काकू माहेरच्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण राग आला की माहेरची अहिराणी वर येई. ट्रे हातात तसाच धरून त्या ओरडल्या, "हाई काय शे?" काका म्हणाले, "पेशंट." काकूंनी एकदा बाहुलीकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. साहेब भिंतीकडे बघत होते. काकू आत गेल्या. आता भांडी आपटणार, असं मला वाटलं. त्या बाहेर आल्या त्या आपला धुतलेला गाऊन घेऊन. "साडी काढावी लागेल ना कामाला? मग हा घाला. उघडी नका ठेवू. पोरगी आहे इथे कामाला."

साहेब एकदम बोलायला लागले. कोणी विचारलं नव्हतं. आयुष्य समुद्रावर गेलं. बायको गेली तेव्हा ते जपानच्या वाटेवर होते. कायमचे घरी आले तर घर रिकामं. "सकाळी पेपर वाचताना समोर कोणी लागतं हो. भिंतीला किती वाचून दाखवणार?" बाकीचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझा राग गेला असं म्हणणार नाही. पण कावीळ झालेली बाई मला बघवली नसती. दुसऱ्या दिवशी मी रंग घोटायला घेतला.

काम नाजूक होतं. चीर स्पिरिटने पुसायची, काडीच्या टोकाने आत पातळ थर भरायचा, कडा दाबून धरायच्या आणि वाळू द्यायचं. मग पुढचा थर. वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास सुटे. काकू विचारत, "लोणचं कोणाचं घालताय?" काखेची जागा सगळ्यात अवघड. हात खाली ठेवला तर काख काखेलाच चिकटायची. म्हणून काकांनी तिला खिडकीशी वाऱ्याला खुर्चीत बसवलं आणि हात कोपरात वाकवून वर करून ठेवला. आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही की रस्त्यावरून बघणाऱ्याला जाळीच्या पडद्यामागे गाऊनमधली एक बाई दिसते आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला हात करते.

आठवडाभरात वसाहतीच्या कमिटीचे सेक्रेटरी घरी आले. सोबत त्यांची बायको आणि आणखी एक बाई. काकांनी त्यांना ओट्यावरच्या दुसऱ्या दाराने थेट मागच्या खोलीत नेऊन बसवलं. पुढच्या खोलीत मी, बाहुली आणि तिला बघायला आलेले साहेब. मधे फक्त पडदा. सेक्रेटरींचा आवाज ऐकताच साहेबांचा चेहरा उतरला. दोघे सकाळच्या हास्यक्लबातले सोबती होते.

"काका, राहत्या वस्तीत कारखाना चालवता, आम्ही कधी बोललो नाही," सेक्रेटरींनी सुरुवात केली. "पण आता खिडकीत बाई बसायला लागली. लोकांना हात करते. ही सभ्य वस्ती आहे."

"पेशंट आहेत त्या," काका म्हणाले.

"कोण? कुठल्या? नाव काय?"

"पेशंटचं नाव मी सांगत नसतो."

"मग नाइलाज आहे. वर अर्ज करावा लागेल. ही खोली बंद होईल तुमची."

'बाहुली आहे' एवढं म्हटलं असतं तरी काका सुटले असते. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, कोणाची? साहेबांची गाडी सगळ्यांनी दारात बघितली होती. इकडे साहेब उठून उभे राहिले, पडद्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

तेव्हा काकूंचा आवाज आला. "भाऊजी, ती माझी मावसबहीण आहे. वणीची. खांदा आखडलाय बिचारीचा. हात वर गेला तो खाली येतच नाही. हे रोज शेक देतात."

सेक्रेटरींच्या बायकोचा जीव कळवळला. "अगं बाई! माझ्या सासूबाईंचा असाच झाला होता. मला मालिश येतं. बघू बरं मी तिला." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं पडद्याकडे यायला लागली. मी बाहुलीपुढे आडवी उभी राहिले. साहेब माझ्यापुढे.

"थांबा वहिनी," काकू म्हणाल्या. "ती आधीच संकोचलीय. सांगत होती, एक गृहस्थ रोज सकाळी फिरायला जाताना तिच्याकडे बघून हात करतात. पांढरी टोपी आणि निळे बूट घालतात म्हणे."

पावलं थांबली. बाहेर दाराशी काढलेले निळे बूट आम्हाला खिडकीतून स्वच्छ दिसत होते. पुढे काय झालं ते डोळ्यांनी बघता आलं नाही, पण वहिनींचं "चला घरी" मात्र नीट ऐकू आलं.

ते गेल्यावर काकांनी विचारलं, "तू बघितलंस त्यांना हात करताना?"

"रोज. मी दूध घ्यायला फाटकात उभी असते ना."

साहेब पडद्याबाहेर आले. "माझ्यासाठी तुम्ही खोली घालवून बसला असता," ते म्हणाले. काका हात पुसत उत्तरले, "काम माझ्याकडे आहे तोवर नावही माझ्याकडेच." आणि काकू म्हणाल्या, "घरी पेपर वाचून झाला की इथे चहाला येत जा."

बाहुली बरी होऊन गेली, साहेब मात्र चहाला येत राहिले. आधी कधीतरी, मग रोज. पेपर ते आता काकूंना वाचून दाखवत आणि काकू प्रत्येक बातमीवर वाद घालत. इकडे वहिनींनी वणीच्या बहिणीसाठी तिळाचं तेल पाठवलं, संक्रांतीला लाडू पाठवले. भेटल्या की विचारत, "कशी आहे हो बहीण?" खोटं बोलणं एकदा सोपं असतं, रोज अवघड. काकूंनी आधी बहिणीला वणीला परत पाठवलं, मग तिचा हात थोडा खाली आणला आणि शेवटी कंटाळून तिचं बोटीवरच्या एका विधुराशी लग्न लावून दिलं. हे ऐकून काकांना हसताना ठसका लागला होता. 'माझी मेव्हणी' म्हणून तेही तिची चौकशी करायला लागले, आणि साहेब लाजत का होईना, उत्तर द्यायला लागले.

काका गेले ते अचानक. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. वसाहतीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. हॉल भरून लोक बाहेर उभे होते. सेक्रेटरींनी भाषण केलं. मनापासून केलं. बोलता बोलता म्हणाले, "आणि वणीच्या त्यांच्या मेव्हणीची त्यांनी किती सेवा केली, ते मी जवळून बघितलं आहे."

तिसऱ्या रांगेतून साहेब उठले. "त्यांना मेव्हणी नव्हती," ते म्हणाले. "खिडकीत बसलेली ती बाई म्हणजे बाहुली होती. सिलिकॉनची. माझी. मी एकटा राहतो, तिच्यासोबत राहतो. तिला दुरुस्त करायला मी काकांकडे आणलं होतं. तुम्ही नाव विचारलंत तेव्हा मी पडद्यामागे होतो. मला बाहेर यायचं धैर्य झालं नाही, आणि त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. आज तरी हे सांगायला हवं होतं."

सेक्रेटरी माइक धरून तसेच उभे. "म्हणजे मी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि ते माइकवर सगळ्यांना ऐकू गेलं. पहिल्या रांगेत काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत असं वाटून मी धावले, तर त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मग कोणीतरी मागे हसलं. मग बरेच जण.

साहेब मात्र उभेच होते, काठी नसलेल्या म्हाताऱ्यासारखे, बसावं की निघून जावं हे न कळून. सेक्रेटरींची बायको उठली. रांगेतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेली. तिने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं.

"खांदा बरा आहे ना हो तिचा आता?"

"बरा आहे, वहिनी," साहेब म्हणाले. "जोड कुठे होता ते मलाही सापडत नाही."