बिशपांचे गुलाब

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर मी सिडनीजवळच्या एका जुन्या बिशप-निवासात पर्यटकांना माहिती सांगायचो. "इंग्लंडहून आलेल्या बिशपांनी हे गुलाब स्वतः लावले," हे माझं ठरलेलं वाक्य. ते कानावर पडलं की तिथल्या म्हाताऱ्या माळ्याची कात्री थांबायची.

एकदा तो मला "मेट", म्हणजे मित्रा, अशी हाक मारून म्हणाला, "हे माझ्या बापाने लावलेत. बिशप खिडकीतून बघायचे."

मी हसून "नो वरीज", काळजी नको, म्हटलं आणि पुढच्या गटालाही तेच ठरलेलं वाक्य ऐकवलं, कारण लोकांना बिशपच हवे असायचे. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नाही.

अखेर एका सकाळी "माफ करा, हे गुलाब तुमच्या वडिलांचे" असं घोकत गेलो, तर कात्री दुसऱ्याच्याच हातात होती.