माझ्या वडिलांनी हाफ पँट जाळली नव्हती

माझ्या वडिलांनी माझी खो-खोची हाफ पँट चुलीत घातली, हे तुम्ही सिनेमात पाहिलं असेल. पाहून डोळेही पुसले असतील. ते साफ खोटं आहे. वडिलांचं उंब्रजला टेलरिंगचं दुकान आहे आणि आमच्या संघातल्या बाराही मुलींच्या हाफ पँटी त्यांनीच शिवल्या होत्या.

आम्ही खेळायला लागलो तेव्हा आमच्याकडे मुली सलवार घालूनच मैदानात उतरायच्या. खांबाजवळ सूर मारला की सलवार पायात यायची. एकदा माझी हनुवटी फुटली. घरी सगळे मलाच बोलत होते, तेव्हा वडील म्हणाले, "कापड चुकलंय, पोरगी न्हाई." त्यांनी मुलींच्या आयांना दुकानात बोलावलं, टेप त्यांच्याच हातात दिला, पडदा ओढून घेतला आणि स्वतः बाहेर बाकावर बसून त्या सांगतील ती मापं लिहून घेतली. पहिल्या वर्षीच्या पँटी गुडघ्याच्या खाली चार बोटं होत्या. पुढच्या वर्षी दोन बोटं. मग गुडघ्याबरोबर. चौथ्या वर्षी पँट मांडीवर आली तरी गावात कुणी हूं की चूं केलं नाही, कारण तोवर सगळ्यांची नजर सरावली होती. या माणसानं कुणाशी वाद घातला नाही की कुणाला उपदेश केला नाही. दर वर्षी थोडं कापड कमी कापलं, इतकंच.

हे सगळं मी दिग्दर्शकाला सांगितलं होतं. तीन दिवस तो आमच्या घरी जेवला, वहीभर लिहून घेतलं. वडिलांनी ट्रंकेतून माझी शेवटची पँट काढून दाखवली. निळी, कडेनं पांढरी पट्टी. बाकी सगळ्यांच्या कधीच फाटून गेल्या होत्या, ही एकच उरली होती. "नमुन्याला नेतो काका, परत आणून देतो," तो म्हणाला. वडिलांनी इस्त्री करून कागदात गुंडाळून दिली.

सिनेमा कराडला लागला तेव्हा वडिलांनी दुकान बंद ठेवून शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, झाडून सगळ्यांना दुपारच्या खेळाला नेलं. पडद्यावरची मी गोरीपान होते आणि दर वाक्यात दोनदा 'लय' म्हणत होते. सांगलीची फायनल आम्ही एका गुणानं हरलो होतो, ती तिथं जिंकलो. तेही मी गिळलं. मग मिशा पिळत बाप आला. त्यानं पोरीच्या हातातली पँट हिसकावली, "नाचायला चाललीस का?" असं ओरडला आणि ती चुलीत घातली. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "मुडदा बशिवला ह्याचा." आमची माणसं मान वळवून वडिलांकडे बघायला लागली.

वडील माझ्या कानाशी वाकले. "आगं, ती आपलीच हाय. नेफ्याची शिवण बघ."

मी पाहिलं. आपलीच होती. खरीखुरी जळत होती.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, बापाचा विरोधच नसेल तर लोक रडतील कशाला?" पँटचं विचारलं तर म्हणे शूटिंगच्या गडबडीत लक्षात आलं नाही. वर ऐकवलं की कथेत आवश्यक ते बदल करायला मी सही दिली आहे. दिली होती, खरं आहे. आपल्यावर सिनेमा निघतोय म्हणून मी हुरळले होते आणि चार पानांचा कागद न वाचता सही ठोकली होती. त्याचा राग अजून माझ्यावरच येतो. पण जिवंत माणसाचं आयुष्यभराचं शहाणपण काढून घ्यायचं, त्या जागी मिशा चिकटवायच्या आणि वर 'सत्य घटनेवर आधारित' लिहायचं, याला कुठल्या कलेत बसवतात ते मला कुणीतरी समजावून सांगावं. ज्यांनी खरोखर आडकाठी केली ते आमच्या शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक. ते सिनेमात प्रेमळ निघाले.

मी आता सांगलीच्या एका शाळेत खेळ शिकवते. गेल्या महिन्यात सुट्टीला घरी आले होते, सकाळी दुकानात बसून बटणं लावत होते. एक बाई मुलीला घेऊन गणवेशाच्या मापाला आल्या. वडिलांकडे बघून दारातच थबकल्या, मुलीचा हात घट्ट धरला. "आवं, त्या शिनेमातलं वडील तुमीच न्हवं?"

वडिलांनी चष्मा चढवला आणि ते खाली बघून कापड कापत राहिले. सिनेमा लागल्यापासून ते याला उत्तर देत नाहीत. माझं मात्र डोकं फिरलं. मी बटणं बाजूला ठेवली आणि त्या बाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं: फुटलेली हनुवटी, आयांच्या हातातला टेप, दर वर्षीची दोन बोटं. ती पोरगी मीच, हेही सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, निदान एका माणसाला तरी पटलं.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "गुणाची हाईस बाई," त्या हळूच म्हणाल्या. "बापानं कायबी केलं तरी लेकीनं झाकूनच घ्यायचं आसतंय."