कंपनी भित्री असते

या जगातली कुठलीही वस्तू कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाने चालताना दिसली, की आमच्या घरमालकांचा जीव गुदमरतो. मी मूळचा देवगडकडचा. आठवीनंतर शाळा सुटली, एका फोटो स्टुडिओत पडेल ते काम करता करता लग्नाच्या व्हिडिओची जोडाजोड शिकलो, आणि कामाच्या मागे फिरत फिरत अमरावतीला, राजापेठेत, या घरमालक काकांच्या माडीवरच्या खोलीत येऊन पडलो. खोली दाखवताना काकांनी आधी पंखा लावला. तो असा काही फिरू लागला, की मी उंबऱ्यातच थबकलो. "भेतं कायले?" काका म्हणाले. "कंपनीनं दाबून ठेवला होता. म्या कंडेन्सर बदलून मोकळा केला." त्या पंख्याखाली भात जेवायचा तर आधी त्यावर वरण ओतून त्याला जड करावं लागतं.

काका जन्मभर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. पुली बदलली की मशीनची गती बदलते, हे तिथे कळल्यापासून त्यांचा कुठल्याच कंपनीवर विश्वास राहिला नाही. "कंपनी भित्री असते बापू," ते सांगतात. "दहा मणाचा बैल बनवते अन् त्याले सहा मणच वढू देते." त्यांच्या मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी करायला घ्यावी तर झाकण उघडेस्तोवर तेल सुटलेलं असतं. स्कूटर त्यांनी अशी सुधारली आहे, की एकदा काकू मागे बसून तिवशाला गेल्या आणि उतरल्यावर, एरवी ज्यांना गप्प बसवणं देवाला जमलं नाही, त्या घटकाभर एक शब्द बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र काकांनी हात लावलेला नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याले वाढवून फायदा कोनाचा? आपुनच लवकर म्हातारे होऊ."

अशा माणसाच्या डोक्यावर मी माझा जुना कॉम्प्युटर घेऊन राहत होतो. माझं सगळं पोट त्या पेटीवर. अकोल्याचे एक स्टुडिओवाले लग्नाचं चित्रण हार्ड डिस्कवर भरून पाठवतात, मी ते कापून, जोडून, गाणी लावून परत करतो. दुसरं काम मला नाही आणि दुसरं कुणी मला ओळखत नाही. अकोल्याचं काम थांबलं, तर पिशवी उचलून घरी जायचं, एवढाच रस्ता. त्यामुळे मेमध्ये त्यांचा फोन आला, तेव्हा मी हातातला घास ठेवून उभाच राहिलो. "भाऊ, शनिवारी पोरीकडचे फिल्म पाहाले येऊन राहिले. शुक्रवारी संध्याकाळी डिस्क पायजेच. जमत नसन तं आताच सांगा, करनारे लय हायेत."

मी जमतं म्हणालो आणि रात्रंदिवस बसलो. जोडणी झाली, आता सगळं एकत्र करून पक्की फिल्म बाहेर काढायची, ते काम कॉम्प्युटर एकटाच करतो. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. नेमके काका वर आले. "हे काय बैलगाडी जुतून ठेवली बे?" झालं. दोन तास ते मोबाइलवर व्हिडिओ पाहत राहिले. प्रोसेसरचा वेगही वाढवता येतो, त्यासाठी मल्टिप्लायर नावाचा एक आकडा असतो, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अरे, म्हंजे पुलीच नं ही!" व्हिडिओतला मुलगा कळकळीने सांगत होता, की नवख्यांनो, एकेकच पायरी वाढवा, दरवेळी तपासा, तापमान बघा. काकांना तो मुलगाही कंपनीचाच माणूस वाटला. मी नको म्हणायला हवं होतं. पण आल्याआल्याच मला ताप भरला होता, तेव्हा याच काकांनी त्या स्कूटरवर मला दवाखान्यात नेलं होतं, आणि काकू आठवडाभर पेज घेऊन जिना चढल्या होत्या. अशा माणसाला नको कसं म्हणतात, ते मला शाळेने शिकवलं नाही.

काकांनी आकडा एकदम वर नेला. पट्टी धावू लागली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि पडदा निळा होऊन सगळं थिजलं. पुन्हा लावलं, पुन्हा निळा. "तापून राहिला," काका म्हणाले. आता अमरावतीत मे महिन्यात माणूस तापो, म्हैस तापो, औषध एकच. काकांनी खालून कूलर आणला, त्याच्या गवताच्या जाळ्या पाण्याने चिंब केल्या, कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि कूलरचं तोंड थेट आत लावलं. "पाय, कसा गारेगार झाला!" खरंच झाला. तासाभराने मी आत हात घातला, तर बोटं ओली. तेवढ्यात टक् असा आवाज आला आणि पडद्यासकट सगळं काळं झालं.

मला घरच्या पायवाटा दिसू लागल्या होत्या. काकांनी एकेक भाग सुटा केला आणि गच्चीवर नेला. तिथे काकूंनी धोतरावर कुरड्या वाळत घातल्या होत्या. "अवो, थे तुमचे यंत्रं माया कुरडईले नका लावू!" काकू ओरडल्या. मग कुरड्यांच्या शेजारी, बाजेवर, माझा मदरबोर्ड ऊन खात पडला. त्यावरची नाण्याएवढी बॅटरी काकांनी काढून ठेवली. "आता हा म्या वाढवलेला आकडा इसरन," ते म्हणाले. "कंपनीतून आला तसा होईन."

शुक्रवारी सकाळी ती पेटी चालू झाली. पण पाणी लागल्यापासून त्या उन्हात कंपनीच्या वेगालाही तिला धाप लागत होती. तेव्हा काका खुर्ची ओढून बसले, आकडा उघडला आणि खाली आणला. मग आणखी खाली.

"काका, कंपनीच्या खाली?"

"हाव, खाली. चूप बस."

पट्टी पुन्हा मुंगी झाली. काका तिच्यासमोर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसावं, तसे. दुपार कलली तेव्हा फिल्म पुरी झाली. ती डिस्कवर भरून मी निघालो, तर ते म्हणाले, "आन इकडे, म्या जातो अकोल्याले." स्कूटरची किल्ली खुंटीवरच ठेवून ते एसटीने गेले.

परतले तेव्हा मी जिन्यातच उभा होतो. "काय म्हणाले?"

"काय म्हनतीन? पुढच्या लग्नाची डिस्क देल्ली." त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि चपला काढायला वाकले.

तेव्हापासून घरातल्या सगळ्या वस्तू पूर्वीसारख्याच सुसाट आहेत, फक्त माझ्या पेटीला काका हात लावत नाहीत. कधीतरी वर येतात, दाराशी उभे राहतात, तिची घरघर ऐकतात. "कशी चालते?" विचारतात. "चांगली," मी सांगतो. "हं," म्हणतात, आणि जिना उतरताना त्यांची पाठ मला उगीच थकलेली दिसते. मनात येतं, हाक मारावी आणि म्हणावं, काका, एकच पायरी वाढवून बघा ना. पण अकोल्याचं कुठलं ना कुठलं लग्न पडद्यावर सरकत असतंच, आणि मी हाक मारत नाही.