बाबाचा गुडघा

आदिलाबादेत आमचा एक बियाणेवाला होता. आमच्या गावाच्या, तामसीच्या बसमधून उतरलेलं माणूस दुकानाच्या पायरीवर दिसलं, की हातातलं काम टाकून तो त्याच्या तोंडाकडं पाहायचा आणि ज्याचं जे दुखणं, त्याचीच विचारपूस करायचा. भाव इतरांपेक्षा चढाच असायचा, तरी आमचं गाव त्याच्याकडंच जायचं.

नव्वदच्या दशकाअखेरीस त्यानं कॉम्प्युटर घेतला. गिऱ्हाइकांची माहिती सांभाळणारी दोन सॉफ्टवेअर हैदराबादहून आणली आणि हंगामभर ती ताडून पाहिली. आता पायरीवर कोणी दिसलं, की त्याची नजर आधी पडद्यावर जायची. एकदा मी गेलो, तर पडद्यावर पाहून म्हणाला,

"या मास्तर. बाबाचा गुडघा काय म्हन्ते?"

माझ्या बाबाच्या तिरडीला यानं महिन्यापूर्वीच खांदा दिला होता.

"बाबा गेले ना, शेटजी. तुमी होते की तिथं."

तो जराही ओशाळला नाही. पडद्यावर बोट आपटत म्हणाला, "हे सॉफ्टवेअरच बेकार हाय. याच्यात मेल्याची तारीख टाकाले जागाच नाई. दुसऱ्यात हाय. आता तेच घेतो." आणि लगेच मला तारीख विचारून त्यानं ती दुसऱ्यात भरली.

पुढच्या वर्षी, बाबा गेले बरोबर त्याच तारखेला, दुकानाचं छापील कार्ड आलं. वर गुलाबाचं चित्र, खाली माझं नाव आणि 'या शुभदिनी हार्दिक शुभेच्छा'.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं ते कार्ड माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि बाबाच्या फोटोच्या चौकटीत खोचलं.

"पाह्य," ती म्हणाली, "शेटजी इसरले नाई."