आगाऊ उपकारस्तुती

अंबरनाथला राहायला आलो तेव्हा माझी मुलगी धावत होती. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे लोकांना वाटायचं की ती जन्मापासूनच तशी. आमचे हे काडेपेटीच्या कारखान्यात लागले होते आणि चाळीत एक खोली मिळाली होती. खोलीपासून नळापर्यंत आणि नळापासून खोलीपर्यंत ही पोर दिवसभर नुसती धावायची. चार वर्षांची झाली आणि ताप आला. ताप उतरला तेव्हा पाय गेलेले होते. उजवा पार लुळा, डाव्यात थोडा जीव.

त्यानंतर ती माझ्या कडेवर. नळावर, दुकानात, संडासाला, सगळीकडे. रविवारी उपासनेलाही. उल्हासनगरच्या छावणीतली एक बराक आम्हां ख्रिस्ती लोकांना रविवारपुरती वापरायला मिळायची. पाच-सहा कुटुंबं, बहुतेक नगरकडची. तिथवर पायी जायचं, पोर कडेवर, पिशवीत शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, आणि पाण्याची बाटली. गुडघे टेकून डोळे मिटले की मला झोपच लागायची. बाया एकमेकींना सांगायच्या, किती तल्लीन होते हो ही! तल्लीन कसली, मेलेली असायचे मी.

सासूबाई तरुणपणी बायबलबाई होत्या. नगर जिल्ह्यात गावोगाव हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं हे त्यांचं काम. त्यामुळे विश्वासाच्या बाबतीत घरात त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय पहिल्यासारखे होणार नाहीत, पण लोखंडी पट्ट्यांचे बूट करून घ्या, त्यांच्या आधाराने ही उभी राहील, चालेलसुद्धा. उशीर केलात तर पाय वाकतील आणि मग बुटांचाही उपयोग नाही. मी हरखून घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "एकीकडे देवाकडे पाय मागायचे आणि दुसरीकडे लोखंड बांधायचं? मग मागायचं तरी कशाला?" आईसमोर ह्यांच्या तोंडाला कुलूप. बूट राहिले ते राहिलेच, आणि मी रोज तेल चोळताना पोरीचा उजवा पाय निरखून बघायची, वाकायला लागला की काय म्हणून.

नळावर शिवमंदिराकडच्या बाया म्हणायच्या, सोमवार धर. समोरची सिंधीण वाटीभर कोमट तेल आणून द्यायची आणि वर बघून म्हणायची, "मालिक सब ठीक करेगा." मी सगळ्यांनाच हो म्हणायची. वाद घालायला अंगात त्राण लागतं.

सासूबाईंच्या विश्वासात खोट नव्हती, हे मात्र मी कुणापुढेही सांगेन. नातीसाठी दर शुक्रवारी उपास करायच्या, पाण्याचा थेंब नाही. गुडघ्यांना घट्टे पडले होते. पण बाई मोठी हट्टी.

आमच्यात उपकारस्तुतीची रीत आहे. कुणी दुखण्यातून उठलं, कुणाला नोकरी लागली, की मंडळीतल्या लोकांना घरी बोलवायचं, गायनं म्हणायची, देवाचे आभार मानायचे, आणि मग चहा-चिवडा. देवाने दिल्यावर करायची गोष्ट ही. सासूबाईंच्या मनात आलं की आधीच करावी. मिळालंच आहे असं धरून मागा, असं प्रभूने सांगितलंय ना? मग आधी आभार मानू, पाय मागून येतील.

मी म्हटलं, "आई, लोकांना कशाबद्दल म्हणून बोलवायचं?"

"पोर चालायला लागली त्याबद्दल."

"अहो, पण चालली कुठे?"

"चालेल. तू चिवड्याचं बघ."

मी चिवड्याचं बघितलं. पोर कडेवर घेऊन पोहे भाजले, शेजारपाजारच्या कपबशा गोळा केल्या. रविवारी दुपारी मंडळी आली. दहा-बारा हातांच्या खोलीत माणसं अशी दाटली की मला दारात उकिडवं बसावं लागलं. गायनं झाली. मग प्रार्थना. आमच्या सभेत गोल बसून एकेकाने आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची असते, लहान पोरंही सुटत नाहीत. पण आजारी पडल्यापासून माझ्या मुलीची पाळी कधी आलीच नव्हती. सगळे तिच्यासाठी मागायचे, ती मध्ये बसून एकेकाच्या तोंडाकडे बघायची. त्या दिवशीही तिच्याजवळ आल्यावर पाळी पुढे सरकली.

शेवटी सासूबाई उठल्या. पोरीला काखांत हात घालून उभं केलं. "प्रभूच्या नावाने चाल," म्हणाल्या, आणि हात सोडले.

पोरीने माझ्याकडे बघितलं आणि खाली कोसळली. हनुवटी फरशीवर आपटली, ओठ फुटला. कुणी जागचं हललं नाही. मी माणसांतून वाट काढत तिच्यापाशी पोचले, तिला मांडीवर घेतलं, तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कुणाचा तरी विश्वास कमी पडला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझाच कमी पडला," मी म्हटलं. "विश्वास काय, माझ्यात काहीच शिल्लक नाही आता. घेऊन जा एक दिवस कुणीतरी हिला कडेवर, आणि मग या मला सांगायला!"

सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. आणि माझ्या मांडीवरून पोर म्हणाली, "माझी पाळी राहिली."

तिने हात जोडले, डोळे घट्ट मिटले. "हे देवबापा, माझे पाय नसले तरी चालेल. माझ्या आईची कंबर फार दुखते. तिला बरं कर. येशूच्या नावाने मागते, आमेन."

मोठी माणसं, रोज शंभरदा आमेन म्हणणारी, एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. मग सासूबाई भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या आणि त्यांनी आमेन म्हटलं. मला रडू आवरेना. लोकांनी मुकाट्याने चहा घेतला आणि गेले.

संध्याकाळी कपबशा विसळताना मी प्रार्थना केली. किती दिवसांनी जागेपणी केली असेन कोण जाणे. म्हटलं, देवा, तुला हवं ते दे, हवं तसं दे, पण दे. मला अडून बसायची ताकद नाही, मी तुझ्या हातून मिळेल ते घेईन. एवढंच सुचलं.

सोमवारी सकाळी बघते तर सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. त्यांनी वाकून पोरीला उचललं आणि स्वतःच्या कडेवर घेतलं.

"आई, तुम्हाला नाही झेपायची ती."

"बुटांचं माप द्यायचंय ना? चल मग. स्टेशनापर्यंत मी घेते." उंबऱ्यात थांबून मागे वळल्या. "आणि कालची उपकारस्तुती मी परत घेतलेली नाही, कळलं?"

त्या पुढे निघाल्या, दर दहा पावलांवर थांबत, धापा टाकत. पोर त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसत होती. मी मागून चालत होते. हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करायचं तेच मला कळत नव्हतं.