गाडी नसलेली गिऱ्हाइकं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि खालापूरजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही दोघी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला होतो. मी कर्जतची, ती लग्न होऊन शेजारच्या कडावात आलेली. दोघी तात्पुरत्या. कायम एकीलाच करणार, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. मला ती नोकरी हवीच होती. तिलाही हवीच होती, कारण कायम झाली नाही तर सासरचे तिला भाताच्या आणि गोठ्याच्या कामाला लावणार, हे ठरलेलं. तरी जेवायला एकत्रच बसायचो. काय करता, भांडायला तरी दुसरं कोण होतं तिथं.

साहेबांनी कुठून तरी एक नवीन भाषा आणली होती. तिच्यात क्लास, म्हणजे एकेका विषयाची गाठोडी, असायचे आणि त्यांच्या पोटात मेथडी. मेथड म्हणजे एक ठरावीक काम. ते करून घ्यायचं तर ती मागेल ते, मागेल त्या क्रमानं द्यायचं. कमी नाही, जास्त नाही. तसं नसलं की कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून मशीनला कळेल असं करणारा प्रोग्रॅम, तिथंच अडवायचा. इतका खडूस प्राणी मी आमच्या नात्यातसुद्धा पाहिला नव्हता, आणि आमच्या नात्यात कमी नाहीत.

एके दुपारी साहेबांनी माल पाठवायची, गेटपास छापणारी मेथड बदलली. आधी तिला कोणता रंग आणि किती डबे एवढंच लागायचं. आता तिसरी गोष्ट हवी झाली, कोणती गाडी. दुसऱ्या दिवशी मालक काम बघायला येणार होते.

"बाकीचं तुम्ही दोघी जुळवा. माझ्या फायलीला हात लावायचा नाही," असं म्हणून साहेब केबिनमध्ये गेले.

आम्ही कंपाइल केलं आणि स्क्रीनभर एरर. मेथड तीन मागते, तुम्ही दोनच देता, हेच रडगाणं वरपासून खालपर्यंत. माझं डोकं फिरलं. साहेबांच्या नावानं बोटं मोडत मी कामाला लागले. माल ट्रकनं जात होता तिथं ट्रकचा नंबर दिला. पण गेटवरची विक्रीही होती. आसपासचे रंगारी सायकलवर येऊन एखादा डबा घेऊन जायचे, त्यांना कसली गाडी? तिथं मी प्रोग्रॅमपुरती एक रिकामी, बिननंबरची गाडी बनवली आणि देत सुटले. एरर भराभर कमी व्हायला लागले. मी खूश.

ती शेजारी नुसती स्क्रीन वाचत बसली होती.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "ही गाडी कुनाची हाय?"

"कुणाची नाही. कंपायलरचं तोंड बंद करायला दिलीय."

"त्याचं होईल बंद, पन वॉचमनचं? गेटपासवर गाडीचा रकाना छापून येनार, आनि समोर सायकल. तो सोडंल का रंगाऱ्याला?"

नसतं सोडलं. तो वॉचमन मालकांच्या मेहुण्यालाही सोडायचा नाही.

"मग काय करू? मेथड तीन मागतेय," मी खेकसले.

"तीच चुकीचं मागतेय. ट्रकवाल्याकडं तीन गोष्टी हायेत, सायकलवाल्याकडं दोनच. या भाषेत एका नावाच्या दोन मेथडी चालतात ना? साहेबांनी जुनी खोडून नवी लिवली. जुनी परत शेजारी ठेवायची. दोन दिल्या तर कंपायलर जुनीकडं जाईल, तीन दिल्या तर नवीकडं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. हेवा वाटला, आणि त्याहून जास्त कौतुक. शिवाय हे ती मला का सांगत होती? गप्प बसली असती तर मी मालकांसमोर तोंडघशी पडले असते आणि जागा तिचीच होती. हे तिला कळत नव्हतं थोडंच. मी तसं विचारलंही.

"तुझं हसं झालेलं मला बघवनार हाय का?" एवढंच म्हणाली.

साहेबांच्या फायलीला हात लावायचा म्हणजे त्यांना विचारणं आलं. दोघी केबिनमध्ये गेलो. तिनं सायकलवाल्यांची अडचण सांगितली आणि जुनी मेथड परत मागितली.

"म्हणजे माझं चुकलं म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. अर्धं."

मी तिला कोपरानं ढोसलं. साहेबांनी आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, "हे सुचलं कोणाला?"

तिनं उत्तरच दिलं नाही. खाली बघत उभी राहिली. ती माझ्यासाठी थांबली होती. मी 'दोघींना' म्हटलं असतं तर तिनं मुकाट्यानं मान डोलावली असती, आणि तो शब्द माझ्या ओठांवर आलाही होता.

"हिला," मी म्हणाले. "मी खोट्या गाड्या बनवत होते."

साहेब उठून बाहेर आले आणि जुनी मेथड त्यांनी स्वतः परत लिहिली. मी माझ्या रिकाम्या गाड्या काढून टाकल्या. कंपाइल केलं, एकही एरर नाही. दुसऱ्या दिवशी मालकांसमोर ट्रकचाही गेटपास निघाला आणि सायकलवाल्याचाही.

महिनाअखेरीला ती कायम झाली आणि मला कामावरून कमी केलं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. वळून बघते तर तीही रडतेय.

"तू कशाला रडतेस गं? तुला तर मिळालीय," मी म्हणाले.

"उद्या माझं चुकलं तर सांगनार कोन?" ती म्हणाली.