महाबळेश्वरला जायचं, पण गल्लीच्या चिक्कीचं काय?

नांदेडच्या ताई, गुडघा कसा आहे? चाकूरचे दाजी, खोकला गेला का? जळकोटच्या पोरांनो, तुम्ही बरे आहात ना?

आज सकाळी आम्ही दोघं महाबळेश्वरचा खर्च मांडत बसलो. हिनं थंड हवेचं ठिकाण जन्मात बघितलं नाही. गाडी, खोली, जेवण, सगळं बसलं. मग मी गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी चिक्की अन् जाम धरला, आणि सगळं गणितच कोलमडलं.

ही म्हणाली, "राहू द्या मग. रिकाम्या हातानं परत येणं बरं दिसत न्हाई." तिचा उतरलेला चेहरा बघवेना.

तेवढ्यात शेजारच्या सुमनवहिनी विरजण मागायला आल्या. ऐकून हसतच सुटल्या.

"भाऊजी, मागच्या साली याच्याचपायी आमचं जाणं राहिलं की! आम्हाला काय बी नको. वहिनीला घोड्यावर बसवा अन् फोटो दाखवा. गल्लीला मी सांगते."

माझा जीव भांड्यात पडला बघा! ही आता शाली उन्हात टाकून राहिलीय आणि मला विचारतेय, "घोड्याचे किती घेतात हो?"

जाऊन आलेल्यांनो, लवकर लिहा. ती वाट बघतेय.